कालच्या नव्या इमारती

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत हिंडलगा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. या व्यासपीठावरून माझ्यापूर्वी अनेक विद्वान बोलून गेले आहेत. मी विद्वान नाही. चाळीस वर्षे इमारती बांधण्याच्या आणि प्रसंगी पाडण्याच्या व्यवसायात घालवलेला मी एक स्थापत्य अभियंता आहे आणि त्याआधी याच शाळेचा एक सामान्य विद्यार्थी होतो. गुरुजींच्या हातून मी काही चित्रकार झालो नाही. परंतु एखादी वस्तू नीट पाहिल्यावाचून तिच्याविषयी मत देऊ नये, हे त्यांनी शिकवले. ते मी आयुष्यात एकदा विसरलो. त्याची हकिकत पुढे ओघाने येईल.

विषयाची निवड आपण माझ्यावर सोपवली होती. विसाव्या शतकातील आधुनिक वास्तुकला हा विषय मी घेतला आहे. नाव ऐकून मागच्या रांगेतील विद्यार्थ्यांना जांभई आली असेल, तर माझी तक्रार नाही. परंतु आपण ज्या इमारतीसमोर बसलो आहोत, ती या विषयाचाच एक धडा आहे. आणि ती ठेवावी की पाडावी, हा प्रश्न आज संस्थेपुढे आहे. चिटणीसांनी त्याविषयी माझे मत पत्राने विचारले होते. त्या पत्राचे उत्तर मी आज सर्वांसमक्ष देणार आहे. मात्र उत्तराआधी मला थोडे लांबून यावे लागेल.

१९६६ साली मी सातव्या इयत्तेत होतो. तोवर आपली शाळा कौलारू घरात भरत असे. चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौले आणि लहान खिडक्या. मृगाचा पाऊस सुरू झाला की वर्गात दिवसा अंधार व्हायचा आणि फळ्यावरचे दिसेनासे झाले की गुरुजी गोष्ट सांगायला घ्यायचे. त्या वर्षी नव्या इमारतीचे काम निघाले. नकाशा बेळगावच्या एका ओव्हरसियरने काढला होता. पैसा थोडा होता. मार्कंडेय नदीची वाळू गावातल्या बैलगाड्यांनी आणली, खडी गावकऱ्यांनी फोडली आणि वर्गखोल्यांच्या पश्चिमेच्या अंगाला जी सिमेंटची जाळी आपणांस दिसते, ती आम्ही मुलांनी गुरुजींच्या देखरेखीखाली ओतली. लाकडी साचा गुरुजींनी स्वतः सुताराशेजारी बसून करून घेतला होता. त्यात माल भरायचा, ठोकून बसवायचा, दुसऱ्या दिवशी साचा सोडवायचा आणि मग आठवडाभर जाळ्या पाण्यात ठेवायच्या. ओल्या जाळीच्या मागच्या बाजूला खिळ्याने माझे आद्याक्षर कोरल्याबद्दल मी एक छडीही खाल्ली आहे. जाळी मात्र बाद झाली नाही. ती भिंतीत बसवली गेली.

इमारत पुरी झाली तेव्हा गावातल्या वडीलधाऱ्यांना ती फारशी आवडली नाही. तिला कमान नाही, नक्षी नाही, आढे नाही. ही शाळा की गोदाम, असे एक आजोबा म्हणाल्याचे मला आठवते. गुरुजींनी आम्हांला वर्गात नेले आणि विचारले, “दिवा लावला आहे का?” लावलेला नव्हता. “अक्षर दिसते का?” दिसत होते. त्यांनी एवढेच विचारले आणि फळ्याकडे वळले.

ही जाळी म्हणजे गुरुजींची आणि बेळगावच्या त्या ओव्हरसियरची स्वतंत्र कल्पना, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. पुढे अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात चंदीगडची छायाचित्रे पाहिली. उन्हाला अडवणारे सिमेंटचे पडदे, खोल छज्जे, गिलाव्यावाचून उघडे ठेवलेले काँक्रीट. आपल्या शाळेचे कोणी मोठे नातलग अवचित भेटावेत, तसे मला वाटले. त्या नातेवाइकांची ओळख आज मला करून द्यायची आहे.

या घराण्याची एक महत्त्वाची शाखा जर्मनीत रुजली. १९१९ साली वायमार येथे वॉल्टर ग्रोपियस यांनी ‘बाउहाउस’ नावाची शाळा काढली. चित्रकार, सुतार, विणकर आणि वास्तुविशारद यांनी एका छपराखाली शिकावे, ही तिच्यामागची कल्पना. पुढे ती देसाउ येथे गेली आणि १९२६ साली तिची स्वतःची इमारत उभी राहिली: काचेची भिंत, सपाट छत, सजावट नाही. इमारतीचा आकार तिच्या कामातून ठरावा, नवे साहित्य लपवू नये आणि उजेड व हवा ही श्रीमंतांची मिरास राहू नये, अशी त्यांची धारणा होती. १९३३ साली नाझी राजवटीच्या दडपणाखाली ही शाळा बंद पडली. ग्रोपियस आधी इंग्लंडला आणि १९३७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले.

आता या कथेत आपल्या शेजारचा एक मुलगा येतो. आपल्या दारावरून जो वेंगुर्ला रस्ता जातो, तो धरून घाट उतरले की आपण सिंधुदुर्ग जिल्ह्यात पोचतो. त्याच जिल्ह्यात, मालवण तालुक्यात, आचरे नावाचे गाव आहे. १९१६ साली तेथे अच्युत कानविंदे यांचा जन्म झाला. आई ते अगदी लहान असतानाच वारली. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक होते. व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे काढीत. चित्रकलेच्या शिक्षकाच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. कानविंदे मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेत वास्तुकला शिकले. १९४५ साली सरकारने जे तरुण उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवले, त्यांत ते होते. हार्वर्डमध्ये ते ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि १९४७ साली, देश स्वतंत्र होत असताना, परत आले.

परत आल्यावर त्यांच्याकडे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांचे काम आले. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी अहमदाबादेत ‘अतिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची इमारत बांधली. १९५५ साली शौकत राय यांच्यासमवेत दिल्लीत स्वतःचे कार्यालय थाटले. मग १९५९ साली स्थापन झालेल्या कानपूरच्या आय. आय. टी.चे काम आले. त्या संस्थेचे पहिले संचालक डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. तेथील ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे. कानविंदे यांनी काँक्रीटचे खांब-तुळ्यांचे सांगाडे उभे करून मध्ये उघड्या विटा भरल्या आणि एका विभागातून दुसऱ्या विभागात उन्हापावसाची झळ न लागता जाता यावे म्हणून आच्छादित वाटा काढल्या. विद्यार्थी आणि अध्यापक येता-जाता भेटावेत, बोलावेत, हा त्या वाटांमागचा हेतू होता.

पुढे १९७० च्या दशकात त्यांनी गुजरातेत मेहसाणा येथे दूधसागर डेअरीची इमारत बांधली. दूध तापवायचे आणि थंड करायचे, म्हणजे वाफ आणि उष्णता आलीच. ती वर निघून जावी म्हणून छतावर हवेचे उंच धुराडे उभारले आणि त्या धुराड्यांच्या रांगेतूनच इमारतीला तिचे रूप मिळाले. लांबून पाहणाऱ्यास एखादा दुर्ग वाटावा. वस्तुतः ती शेतकऱ्यांच्या दुधाची डेअरी. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र पाहायला आपल्या शाळेच्या सहली गेल्या असतील. ती इमारतही त्यांचीच. २००२ साली कानविंदे यांचे निधन झाले. मराठी माणसाला गायकांची आणि नटांची नावे तोंडपाठ असतात. आचऱ्याच्या या सुपुत्राचे नाव मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी आढळले नाही.

आणखीही काही माणसे आहेत. चंदीगड उभारण्यासाठी ल कॉर्बुझिए यांच्याबरोबर जी भारतीय मंडळी राबली, त्यांत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही नावे येतात. अहमदाबादेत भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संकुल अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी आखले. १९७४ च्या मार्चमध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात त्यांचा अंत झाला. त्यानंतर राहिलेले काम ज्यांनी पुढे नेले, ते अनंत राजे मुंबईचे, जे. जे. चे विद्यार्थी, कान यांच्या फिलाडेल्फियातील कार्यालयात काम केलेले. गुरूच्या शैलीशी इमान राखून भोजनगृह आणि इतर इमारती त्यांनी अशा जोडल्या की सांधा सहसा दिसत नाही. तेथेच वावरलेले बाळकृष्ण दोशी १९२७ साली पुण्यात जन्मले आणि २०१८ साली वास्तुकलेचा जगातला सर्वांत मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले. २०२३ च्या जानेवारीत ते गेले.

आपणांपैकी पुष्कळांनी यांतली एक इमारत आतून पाहिली आहे. फक्त तिच्याकडे इमारत म्हणून पाहिले नसेल. चोर्ला घाटातून पणजीला नाटक पाहायला जाण्याची बेळगावकरांची परंपरा जुनी आहे. कांपाल येथे मांडवीच्या काठी जी कला अकादमी आहे, ती चार्ल्स कोरिया यांनी रचली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ती पूर्ण झाली. कोरिया मूळचे गोमंतकीय घराण्यातले. नाट्यगृह म्हटले की पायऱ्या, खांब, भव्य दर्शनी भाग असे काही आपण अपेक्षितो. येथे दर्शनी भाग जवळजवळ नाहीच. रस्त्यावरून एक लांब, बुटका, सावलीचा मांडव दिसतो. तिकीट असो वा नसो, कोणीही आत यावे, त्या सावलीतून चालत जावे आणि पलीकडे नदी पाहावी. दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात बसलो की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जुन्या गोव्यातल्या नाट्यगृहाचे सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवलेले दिसत. मारिओ मिरांडा यांची ती करामत. पडदा उघडण्याआधीच नाटक सुरू झाले, असे वाटे.

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आहे. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. त्या संस्थेचे संकुलही कोरिया यांचेच. मधल्या चौकात कुंडासारखी उतरती रचना आहे आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. काळा दगड, काँक्रीटचे खांब आणि वर मोकळे आकाश. विश्वाचा विचार करणाऱ्यांसाठी याहून वेगळे घर मला सुचत नाही.

मित्रहो, ही सारी यादी मी कशासाठी वाचली? या इमारती कोणासाठी आहेत, हे आपण पाहावे म्हणून. आपल्याकडे हजार दोन हजार वर्षे उत्तमोत्तम स्थपतींचे उत्तमोत्तम काम देवासाठी, राजासाठी आणि मृतांसाठी झाले. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती पाहा. तेथल्या छतावरचे दगडी कमळ पाहून मान दुखेपर्यंत खाली पाहवत नाही. तो वारसा अनमोल आहे. पण स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत प्रथमच असे घडले की देशातल्या सर्वांत बुद्धिमान वास्तुविशारदांनी आपली सारी शक्ती प्रयोगशाळा, महाविद्यालय, डेअरी, नाट्यगृह आणि कामगारांची घरे यांवर खर्ची घातली. शेतकऱ्याच्या दुधासाठी दुर्ग बांधावा, असे त्याआधी कोणाच्या मनात आले होते? आणि वर मोठ्या शहरांत जे घडत होते, त्याचा अंश झिरपत झिरपत एका ओव्हरसियरच्या नकाशातून हिंडलग्यापर्यंत आला. हिंडलग्याचे नाव बाहेरच्या माणसाला बहुधा येथल्या कारागृहामुळे ठाऊक असते. खिडकीतून भरपूर उजेड येणारी शाळा याच गावात उभी राहिली, हेही कोणी सांगितले पाहिजे.

आता दुसरी बाजूही सांगतो. न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. या इमारतींत दोष आहेत. सपाट छत युरोपातल्या पुस्तकात शोभते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जी झड लागते, तिला उतरते कौलच शहाणे. वैशाखात स्लॅब तापला की रात्री उशिरापर्यंत घाम काढतो, हे आपणांस ठाऊक आहे. आणि काँक्रीट म्हणजे अमर दगड, असा जो समज पन्नास-साठ वर्षांपूर्वी होता, तो खोटा ठरला. नवे काँक्रीट आतल्या लोखंडी सळईला गंजू देत नाही. परंतु हवेतला कर्बवायू वर्षांगणिक आत झिरपतो, काँक्रीटचा तो संरक्षक गुण कमी होत जातो आणि त्यात पाणी पोचले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आतून दाब येऊन वरचा थर फुटतो आणि खपल्या पडू लागतात. खपली पडली की आपण म्हणतो, इमारत संपली. पुष्कळदा ती संपलेली नसते. सैल झालेला भाग काढावा, सळई घासून स्वच्छ करावी, गरज तेथे नवी जोडावी, गंजरोधक लेप द्यावा, योग्य मालाने थर पुन्हा भरावा आणि मुख्य म्हणजे पाणी येण्याची वाट बंद करावी. अर्थात प्रत्येक इमारत अशी वाचतेच असे नाही. त्यासाठीच आधी तपासणी हवी.

परंतु तपासणीपर्यंत गोष्ट पोचतच नाही, याचे कारण आपल्या मनात आहे. जुना वाडा पडला तर आपण हळहळतो. साठ वर्षांची सिमेंटची इमारत मात्र आपल्याला फक्त जुनाट वाटते. ती पुरेशी नवी नसते आणि पुरेशी प्राचीनही नसते.

दिल्लीचे उदाहरण घ्या. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात प्रगती मैदानावर ‘हॉल ऑफ नेशन्स’ उभे राहिले. वास्तुविशारद राज रेवाल, संरचना अभियंता महेंद्र राज. अशा जाळीदार त्रिमितीय सांगाड्याला जगभर पोलाद वापरीत. आपल्याकडे ते महाग होते, मनुष्यबळ मुबलक होते. म्हणून तो सारा सांगाडा काँक्रीटमध्ये, जागेवरच, मजुरांच्या हातांनी ओतला गेला. मध्ये एकही खांब नाही आणि विस्तार सुमारे ७८ मीटर. आपल्या गरिबीतून काढलेली ती युक्ती जगाने वाखाणली. तेथे नवे संमेलन केंद्र करायचे ठरले, तेव्हा हे वाचवण्यासाठी देशविदेशांतून विनंत्या झाल्या. वारसा ठरण्यास इमारत साठ वर्षांची असावी, असे उत्तर मिळाले. ही पंचेचाळीस वर्षांची होती. २०१७ च्या एप्रिलमध्ये, न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर काही दिवसांतच, ती रातोरात पाडली गेली. साठीचा दाखला मागायचा आणि पंचेचाळिसाव्या वर्षीच विल्हेवाट लावायची, तर साठी गाठणार कोण?

अहमदाबादेतही २०२० च्या डिसेंबरमध्ये लुई कान यांच्या अठरांपैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा विचार जाहीर झाला. जगभरातून विरोध झाल्यावर पंधरवड्यात तो मागे घेतला गेला. पुढे २०२२ साली नव्याने बांधणी करण्याचा निर्णय पुन्हा पुढे आला. विटांची झीज आणि २००१ च्या भूकंपाने पडलेल्या भेगा ही कारणे खोटी नव्हती. परंतु त्याच संकुलातल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाची काळजीपूर्वक दुरुस्ती वृंदा सोमाया यांच्या संस्थेने केली आणि तिला २०१९ साली युनेस्कोचा गौरव लाभला. एकाच आवारात, एकाच वास्तुविशारदाच्या इमारती, आणि दोन निरनिराळे न्याय.

पणजीच्या कला अकादमीचेही तसेच. तिच्यातल्या खुल्या रंगमंचाविषयी २०१९ पासून वाद चालू होता. दुरुस्तीचे काम सुरू असतानाच २०२३ च्या जुलैमध्ये त्या रंगमंचावरचे छत कोसळले. सुदैवाने त्या वेळी तेथे कार्यक्रम नव्हता. पाहिल्यावाचून पाडणे जसे वाईट, तसेच जपण्याच्या कामात हयगय होणे वाईट, एवढाच बोध मी त्यातून घेतो.

चंदीगडची गोष्ट तर हसावे की रडावे अशी. तेथल्या कचेऱ्यांसाठी प्येर जानरे यांनी साध्या सागवानी खुर्च्या आखल्या होत्या. त्या मोडक्या म्हणून भंगारात विकल्या गेल्या आणि युरोपातल्या लिलावांत त्यांना लाखो रुपये मोल आले. आपल्या शाळेच्या जुन्या बाकांचे काय झाले, ते मी विचारत नाही.

आता माझी हकिकत. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मला बोलावणे आले. गावाचे आणि संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. चूक माझी होती. तेथे १९५० च्या दशकातली वाचनालयाची इमारत होती. छोटीशीच; खोल छज्जे, लांबलचक खिडकी, खिडकीखाली बसायला सिमेंटचा कट्टा. छत गळत होते, दोन ठिकाणी सळ्या उघड्या पडल्या होत्या. मंडळींना ती जागा मोकळी हवी होती, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होते. मी दोनचार ठिकाणी हातोडी मारून पाहिले, छायाचित्रे काढली आणि ‘इमारत धोकादायक असून दुरुस्ती व्यवहार्य नाही’ असा अहवाल सही करून दिला. कोणतीही चाचणी केली नाही.

ठेकेदाराने पाडकामाला आठ दिवस धरले होते. सव्वा महिना लागला. तिसऱ्या आठवड्यात मी तेथे गेलो, तेव्हा मुकादम म्हणाला, “साहेब, ही पडायला आलेली होती म्हणता? माझे दोन ब्रेकर गेले हिच्यापायी.” मी गच्चीच्या तुकड्यांतून फिरलो. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नळात पिंपळाचे मूळ शिरले होते. पाणी तुंबे आणि एका कोपऱ्यातून झिरपे. सारा रोग एवढाच होता. तो नळ मोकळा करून कोपरा दुरुस्त केला असता, तर ते वाचनालय आणखी कित्येक वर्षे उभे राहिले असते. आज तेथे दुकानगाळ्यांची इमारत आहे आणि वाचनालय तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीखालच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचत बसणारी म्हातारी माणसे तीन जिने चढून जात नाहीत. गुरुजींनी शिकवलेले मी विसरलो होतो, असे आरंभी म्हणालो, ते हेच.

गेल्या आठवड्यात मी आपल्या शाळेची इमारत दोन दिवस पाहिली. सकाळच्या पहिल्या तासाला, दुपारच्या उन्हात आणि शाळा सुटल्यावर. गच्चीवर चढलो. पाणी निघून जाण्याच्या सहा नळांपैकी दोन बुजलेले आहेत. व्हरांड्याच्या छज्ज्याची कड दोन ठिकाणी फुटली असून सळ्या दिसतात. त्याखाली मुलांना उभे राहू देऊ नका, ते आजपासूनच बंद करा. वर्गखोल्यांच्या खांबांवर वरवर पाहता मला भेगा आढळल्या नाहीत. पश्चिमेची जाळी मागे केव्हातरी तीन खोल्यांत आतून विटा लावून बंद केली गेली आहे. म्हणून त्या खोल्यांत भर दुपारी दिवे लागतात आणि म्हणून त्या कोंदट वाटतात. तो दोष इमारतीचा नव्हे.

तरीही ‘इमारत उत्तम आहे, पाडू नका’ असे मी म्हणणार नाही. एकदा पाहिल्यावाचून एक सही केली. आता ममतेपोटी दुसरी करणार नाही. मुलांच्या जिवापेक्षा कोणतीही जाळी मोठी नाही. माझी विनंती इतकीच की, ठराव करण्याआधी रीतसर चाचण्या कराव्यात. काँक्रीटचा नमुना काढून त्याची ताकद पाहावी, सळ्या किती गंजल्या ते मोजावे. दुरुस्तीचा आणि नव्या बांधकामाचा खर्च एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडावा. या चाचण्यांचा खर्च मी सोसेन; गुरुजींच्या एका छडीची ती परतफेड समजावी. अहवाल दुसऱ्या कोणा त्रयस्थ अभियंत्याचा असावा, माझा नको. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एक काम सांगतो. येत्या सुटीपूर्वी या इमारतीचे मोजमाप घ्या आणि तिची चित्रे काढा. खिडकी किती रुंद, छज्जा किती खोल, कोणत्या महिन्यात ऊन कोठवर येते, ते लिहून ठेवा. चाचणीअंती ती पाडावी लागली, तरी काय पाडले हे तुम्हांला ठाऊक असेल. आणि ती राहिली, तर त्या तीन खोल्यांतल्या विटा काढायला मला बोलवा. आतून तिसऱ्या रांगेत, मागच्या बाजूला, खिळ्याने कोरलेले एक अक्षर असावे. ते तेथे अजून आहे की नाही, हे मला पाहायचे आहे.

कानविंदे आचऱ्याहून हार्वर्डला गेले आणि ग्रोपियस यांच्याजवळ जे शिकले, ते घेऊन परत आले. आपल्या गुरुजींनी ती दुनिया पाहिली नव्हती. त्यांनी सुताराशेजारी बसून एक साचा केला आणि मुलांच्या वहीवर उजेड पाडला. माझ्या लेखी ही दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करतो.